हाताची नस जुळते, मग मज्जारज्जू का नाही?

माझ्या मनगटाची कापलेली नस शिवली आणि काही महिन्यांनी बोटांना स्पर्श कळू लागला. भावाच्या मज्जारज्जूला मार बसून वर्ष झाले. तिथे असे का होत नाही?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. हाताच्या नसेतल्या (रक्तवाहिनी नव्हे, संवेदना वाहणारी) चेतातंतूंभोवती श्वान पेशी असतात (कुत्र्याशी संबंध नाही, शास्त्रज्ञाचे आडनाव). नस तुटली की त्या मोडतोड चटकन साफ करतात आणि नव्या कोंबाला वाट देतात. तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मज्जारज्जूतल्या तंतूंचे आवरण वेगळ्या पेशींचे. त्याच्या मोडतोडीत ‘नोगो’सारखी वाढ रोखणारी प्रथिने असतात आणि ती मोडतोड बराच काळ साफ होत नाही. भोवती व्रण धरतो, तोही अडवतो. प्रौढ चेतापेशीची स्वतःची वाढही मंदावलेली असते. पण संपलेली नसते. १९८१ मध्ये डेव्हिड आणि अ‍ॅग्वायो या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा जोडला, तर तंतू त्यात सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. पुन्हा मज्जारज्जूत शिरताना मात्र थबकले.

बी-१२ च्या गोळ्यांनी तंतू वाढतील का?

नाही. रक्तात कमतरता असेल तरच, डॉक्टरांना विचारून घ्या.

ओळखीच्या एकाला मूळपेशींच्या इंजेक्शनने चालता आले म्हणतात. जाहिरातही पाहिली. घ्यावे का?

‘म्हणतात’वर पैसे घालू नका. त्यांची इजा पूर्ण होती की अर्धवट, हे कुणी विचारले? अर्धवट इजेत शाबूत तंतूंना नवे फाटे फुटतात आणि पहिल्या काही महिन्यांत इंजेक्शनशिवायही सुधारणा होते. श्रेय जाते सुईला. नाकाच्या अस्तरातल्या पेशी मज्जारज्जूत घातलेल्या एका तरुणीला आठ वर्षांनी तिथेच गाठ झाली. २०१४ मध्ये ती नोंद प्रसिद्ध झाली. पैसे घेऊन ‘चाचणी’ करतो म्हणणाऱ्याकडे नैतिकता समितीची मंजुरी मागा, बोलणे लगेच बदलते. माझा खरा राग वेगळाच आहे: या नादात व्यायामोपचार आणि लघवीच्या मार्गाची काळजी लांबणीवर पडते, पाठीला जखमा होतात. तो काळ परत येत नाही. आधी पुनर्वसनतज्ज्ञांकडून इजेची श्रेणी ठरवून घ्या.

वडिलांचे पाय अचानक आखडतात, झटके देतात. नस जुळली का?

बहुतेक नाही. मेंदूचा लगाम सुटलेल्या मज्जारज्जूची ती प्रतिक्षिप्त क्रिया. झटके एकाएकी वाढले असतील तर लघवीतला संसर्ग किंवा पाठीवरची जखम असू शकते. आजच दाखवा.