ब्लूबेरी लावावी का? बेरीवर्गीय फळांच्या प्रश्नांना उत्तर

गेल्या काही दिवसांत मराठवाड्यातून सल्ला कक्षाकडे बेरीवर्गीय फळांचे बरेच प्रश्न आले. केज भागातले एक शेतकरी लिहितात, "साहेब, दोन एकर ब्लूबेरी लावायची म्हणतोय. रोपं विकणारा माणूस बांधावर आणून द्यायला तयार हाय." औशाहून स्ट्रॉबेरीबद्दल, कन्नडच्या डोंगरपट्ट्यातून करवंदाच्या कुंपणाबद्दल आणि जालना जिल्ह्यातल्या एका रेशीम उत्पादक ताईंकडून तुतीच्या फळांबद्दल विचारणा आहे.

ब्लूबेरीचं आधी सांगतो, कारण तिथे पैसा जास्त अडकतो. हे झुडूप मूळचं उत्तर अमेरिकेतलं, आम्लधर्मी जमिनीतलं. त्याला सामू (मातीची आम्लता दाखवणारा पीएच) ४.५ ते ५.५ लागतो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५. त्यात वर चुनखडी. घरच्या घरी बघायचं असेल तर मातीच्या कोरड्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले की चुनखडी आहे असं समजा. (आम्ल हाताला लागू देऊ नका, पोरांना दूर ठेवा.) अशा जमिनीत ब्लूबेरीला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झाड खुरटतं.

"गंधक टाकून सामू खाली आणता येतो," असं रोपवाला सांगेल. हिशेब करून बघू. मातीत चुनखडी नुसती एक टक्का धरली, तरी एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट थरातला चुना संपवायलाच अडीच ते तीन टन गंधक लागतं. आपल्याकडे चुनखडी पाच-दहा टक्केही सापडते. शिवाय विहिरीचं किंवा बोअरचं पाणी क्षारयुक्त असलं, तर ते दर पाळीला सामू पुन्हा वर नेणार. कमी थंडीत येणाऱ्या जाती आहेत, त्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून, आम्ल मिसळलेलं पाणी ठिबकने देऊन, शेडनेटखाली घेता येतात. पण तो भांडवलवाल्याचा उद्योग झाला. केजच्या बंधूंना माझं स्पष्ट उत्तर आहे: दोन एकर सोडा, दोन गुंठेही लावू नका. इसार दिला नसेल तर देऊ नका. रास्पबेरी, ब्लॅकबेरीचंही तेच, त्यांना आपला एप्रिल-मे झेपत नाही.

स्ट्रॉबेरीला मात्र सरसकट नाही म्हणणार नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, तांबड्या आम्लधर्मी मातीत आहे. तिथल्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. आपण तिथली बरोबरी करायला जाऊ नये. आपल्याला हिवाळ्याचे तीनच महिने मिळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उन्हाचा चटका उतरल्यावर, गादीवाफ्यावर मल्चिंग आणि ठिबक करून लावली, तर डिसेंबर ते फेब्रुवारी फळं मिळतात. मार्च लागला की फळ बारीक आणि मऊ पडतं. एकरी वीस-बावीस हजार रोपं लागतात, आणि दरवर्षी नवीन आणावी लागतात, कारण आपल्या उन्हाळ्यात मातृरोपं टिकवणं अवघड. पाण्याची तपासणी आधी करा. विद्युत वाहकता (पाण्यातल्या क्षारांचं माप, ईसी) १ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर या पिकाच्या नादी लागू नका. औशाला लातूरची बाजारपेठ जवळ आहे, म्हणून पाच गुंठ्यांची परवानगी माझ्याकडून. पहाटे तोडून, पसरट डब्यांत भरून, त्याच दिवशी विकता आली पाहिजे. व्यापाऱ्याच्या गाडीची वाट बघायला हे फळ थांबत नाही.

आता करवंद. कोरडवाहू, मुरमाड, चुनखडीच्या जमिनीतही हे झुडूप तग धरतं. कन्नडकरांनो, डोंगरातून झुडपं खोदून आणू नका. गौताळा अभयारण्यातून आणलीत तर गुन्हा होईल, आणि मुळं तुटलेलं झुडूप सहसा जगतही नाही. मे महिन्यात पूर्ण काळी झालेली फळं घ्या, गर राखेत चोळून काढा, बी सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पिशव्यांत पेरा. करवंदाचं बी ठेवून दिलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. पुढच्या जूनमध्ये बांधावर दोन ओळींत, नागमोडी, अडीच-तीन फुटांवर लावा. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपावं लागतं, नंतर काटे स्वतःच राखण करतात. रानडुकराला दाट करवंद अडवतं. रोही (नीलगाय) मात्र उडी मारतो, त्यासाठी झुडूप छाटून उंच आणि घट्ट करावं लागेल. फळांसाठीच लावणार असाल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण बोल्ड' ही मोठ्या फळाची जात बघा. हिरवी, कडक फळं लोणच्याला जातात. जेलीलाही थोडी कच्ची फळं लागतात, कारण जेली घट्ट करणारं पेक्टिन त्यांच्यात जास्त.

फळबागच करायची असेल तर जांभूळ लावा, आणि ते कलमाचंच. बियाच्या झाडाच्या फळासाठी आठ-दहा वर्षं थांबावं लागतं. दहा मीटर अंतर द्या, मधल्या जागेत सुरुवातीची वर्षं सोयाबीन किंवा मूग घेता येईल. गुजरातमधल्या गोध्र्याच्या फळबाग संशोधन केंद्राची 'गोमा प्रियांका' जात कोरडवाहूला चांगली. फालसाही आपल्या उन्हाला दबत नाही, पण तोडल्यावर दिवसभरात खराब होतो, म्हणून सरबतवाला जवळ असेल तरच.

जालन्याच्या ताईंना: तुमची तुतीची व्ही-१ जात रेशीम अळ्यांना लागणाऱ्या पानासाठी तयार केलेली आहे, तिच्याकडून फळाची मोठी आशा धरू नका. हौस असेल तर बांधावर लांब फळाच्या तुतीची चार झाडं वेगळी लावा. फळं पिकली की खाली जुनं लुगडं अंथरून फांद्या हलवा. आणि शेजारच्या कपाशीवर फवारणी होणार असेल तर आधी विचारून घ्या. त्या फवाऱ्याची पानं अळ्यांना घातली, तर अख्खी बॅच हातची जाते.