पत्र्याखालच्या माळ्याला थर्माकोल लावू की ग्लासवूल?

तुम्ही विचारलंय, गावच्या घराच्या माळ्यावर पत्रे आहेत, मे महिन्यात वर थांबवत नाही, तर खालून थर्माकोल लावू की ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी)?

थर्माकोल नको. विषय संपला.

आमचं सासरचं घर भुसावळजवळ. आधी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं होतं. सागाच्या तुळया, त्यावर किलचन (आडव्या लाकडी पट्ट्या), वर वीतभर माती. बाहेर पारा 45 ला टेकला तरी आत माठाशेजारी बसल्यासारखं वाटायचं. 2012 साली थोरले दीर म्हणाले, छत गळू नये म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकायला माणसं कुठून आणायची, त्यापेक्षा पत्रे टाकू. मी नको म्हटलं. "तुला यातलं काय कळतं?" धाबं उतरवलं, भिंती उचलल्या, माळा काढला, वर निळे पत्रे. माळ्यावरची खोली अर्थातच आमच्या वाट्याला.

पहिल्याच उन्हाळ्यात यांनी जळगावहून थर्माकोल आणून पत्र्याला खालून चिकटवला. उन्हाने सोल्यूशन सुटलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंदा माहेरी आलेल्या, घर भरलेलं म्हणून पंगत वर मांडली, आणि एक अख्खी शीट आंब्याच्या रसाच्या पातेल्यात. उरलेल्यात उंदरांनी संसार थाटला. शिवाय वायरिंगची ठिणगी पडली तर थर्माकोल वितळत जळतो आणि काळा धूर सोडतो, ते वेगळंच.

मग ग्लासवूल, 50 मिमी. माल चांगला, जळत नाही, फरकही कळला. पण पत्र्याच्या एका बोल्टचं वायसर गळत होतं. जुलैत सगळं भिजून लोंबायला लागलं. त्यात अडकलेली हवाच उष्णता अडवते. हवेच्या जागी पाणी शिरलं की उरतो ओला बोळा. काढताना हातांना दोन दिवस खाज. तेव्हा लावायचंच तर आधी प्रत्येक बोल्ट तपासा.

आता काय आहे? पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग. (चुना नको, तो पत्र्यावरचं जस्त खातो.) खाली फॉइलची बबल शीट, पत्र्याला न चिकटवता दोन इंच पोकळी ठेवून, कारण चमकत्या बाजूसमोर हवा नसेल तर ती चमक फुकट. त्याखाली जिप्समचं सीलिंग, आणि कोंडलेली हवा जायला समोरासमोरच्या भिंतींत वर जाळ्या. दुपारी झोप लागते. खर्च मी दिरांसमोर मांडला होता. तेवढ्यात किती वर्षांची खारी आली असती, हे विचारल्यावर त्यांना शेतात काम आठवलं.

तुमच्याकडे स्लॅब असेल तर यातलं बरंचसं बाद. तिथे गच्चीवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा.

आणि हो, धाबं गळायचं, वरून विंचू पडायचे, हे दीर सांगतात ते खरंय. पण माझ्या 9 वर्षांत विंचू एकदाच पडला. थर्माकोल पहिल्याच वर्षी.