गाठ गेली, आता माणसांत यायचं कसं?

परभणी जिल्ह्यातल्या ४६ वर्षांच्या ताई लिहितात: "मागच्या साली कॅन्सरमुळं उजवा स्तन काढला. केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं, आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू हाय. घरचे म्हणतात, बरी झालीस ना, मग रडायलीस कशाला? पण भाकरीबी थापू देईनात. मालक ओसरीवर झोपायलेत, त्यांना माझी शिसारी आली असंल. बायकांच्या नजरा पदरावर जातात म्हणून येळवशीच्या सणाला शेतात गेले नाही. पोरीला स्थळं बघायलोत, तर जाऊबाई म्हणतात, आजाराचं कुणाला कळू देऊ नका."

ताई, उपचार चालू असताना तारखा आणि रिपोर्ट यांच्यामागे पळताना रडायला सवड नसते. ती तुम्हाला आता मिळाली. नेमकं तेव्हाच घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकलाय, म्हणून त्यांना तुमचं रडणं कळेना. शिवाय अंगातून वाफा निघणं, झोप उडणं हे त्या गोळीनेही होतं. डॉक्टरांना सांगा, पण मनाने गोळी बंद करू नका.

मालकांना शिसारी आली, हे त्यांच्या तोंडून ऐकलंत का? पत्रात तसं काही नाही. टाक्यांना धक्का लागेल म्हणून माणूस बाहेर झोपतो आणि नंतर परत आत कसं यावं, हे त्याला सुचत नाही. आपल्याकडच्या पुरुषांना दवाखान्याचं बिल भरता येतं, पण बायकोला "कसं वाटतंय" विचारता येत नाही (रागावतील वाचणारे, रागावू देत). तुम्हीच म्हणा, "अहो, जखम भरलीय, आत झोपा." व्रण दाखवायचा की नाही, कधी दाखवायचा, ते तुमच्या मनावर. आणि एवढं बोलूनही त्यांनी तोंड फिरवलं, तर मला पुन्हा लिहा. मग मी वेगळं बोलेन.

पदराचं म्हणाल तर सिलिकॉनचे पॅड मिळतात. ते महाग वाटले तर मऊ सुती पिशवीत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी भरून घरीच शिवा, ब्लाउजला आतून कप्पा लावून घ्या. वजन सारखं राहिलं की खांदाही एका बाजूला झुकत नाही.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने भरलेली घागर उचलू नका. हात सुजला, जड वाटला तर लगेच दाखवा. पण भाकरीसुद्धा थापू द्यायची नाही, हे काही लाड नव्हेत! चूल मागून घ्या.

संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जिथे तुमची तपासणी असते तिथे समाजसेवा अधीक्षकांना विचारा, हेच ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईशी गाठ घालून द्याल का? तिच्यापुढे पदर सावरावा लागणार नाही. जीव नकोसा वाटायला लागला तर वाट बघू नका, १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आधार सेवेचा हा फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं आधी सांगा, कारण नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तिचा असर कमी होतो.

राहिल्या जाऊबाई. हा आजार शिवल्याने लागत नाही आणि शंभरातल्या जेमतेम पाच-दहा जणींतच तो वारशाने आलेला असतो. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही आणि मुलगी मिळून ठरवा, जाऊबाईंनी नव्हे. मुलीपासून मात्र काही लपवू नका. पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या आणि तिने स्वतःची तपासणी कोणत्या वयापासून करायची, ते तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारा.