हीटरला हात लावण्याआधी साचा तपास

भाऊ, नाशिकच्या अंबडला थर्मोफॉर्मिंगचं (प्लास्टिकची शीट तापवून साच्यावर ट्रे-डबे बनवायचं) मशीन टाकलंस, झकास! पण सकाळचे पहिले नग बिघडतात म्हणून शीटचा हीटर वाढवू नकोस. नवखे तिथेच फसतात. नाशिकच्या थंडीत रात्रभर साचा गारठतो. शीट टेकताच आखडते, पट्टे उठतात, कोपरे भरत नाहीत. हिप्ससाठी (न तडकणारं, कडक पॉलिस्टायरीन प्लास्टिक) ॲल्युमिनियमचा साचा ६०-७० अंशांवर आणून मगच सुरुवात कर.

दुपारी उलटं होतं. तापलेल्या साच्यातून घाईने काढलेला नग वाकतो, जास्त आकसतो. (माझे शंभरेक ट्रे असेच भंगारात गेले.)

- तापमान साच्याच्या पृष्ठभागावर मोज, पाण्याच्या टाकीत नाही.
- लाकडी साचा नमुन्यापुरताच. उष्णता सोडत नाही.

द्राक्षांचे पेटचे (बाटल्यांचं पारदर्शक प्लास्टिक) डबे नंतर कर. त्यांना साचा गारच लागतो.