तिकीट खोटं निघालं, आता पुढचं ऐक

अरे बाळा,

तू जुन्या बाजारातून पाठवलेला फोटो बघितला, आधी मोबाईलवर आणि मग लेकाच्या लॅपटॉपवर मोठा करून, आणि वाईट बातमी पहिल्यांदाच देऊन टाकते, ते फ्रेममधलं जुन्या क्रिकेट मॅचचं तिकीट खोटं आहे. अठराशे रुपये गेले. फ्रेम मात्र सागवानी वाटतेय, ती ठेव.

कागद हातात न घेता कसं कळलं ते ऐक. त्यावर छापलंय भारत विरुद्ध इंग्लंड, वानखेडे स्टेडियम, फेब्रुवारी १९७३. मॅच खरी आहे रे, तेव्हा इंग्लंडची टीम मुंबईत टेस्ट खेळली, वाडेकर कॅप्टन होता आणि ती सिरीज आपण २-१ ने जिंकलो. फक्त ती टेस्ट झाली ब्रेबॉर्नवर. वानखेडेवर पहिली टेस्ट झाली जानेवारी १९७५ मध्ये, वेस्ट इंडिजशी, ज्यात क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ काढून आपली पार वाट लावली होती. आणि गंमत अशी की वानखेडे बांधलं गेलं तेच मुळात तिकिटांच्या भांडणातून, ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि टेस्टची तिकिटं कुणाला किती यावरून त्यांचं आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचं वाजलं, मग शेषराव वानखेड्यांनी हाकेच्या अंतरावर वेगळं स्टेडियमच उभं केलं. म्हणजे ज्याने हे छापलं त्याने तिकीट केलं पण तिकिटाचीच गोष्ट त्याला माहीत नव्हती.

आता लगेच तोंड पाडून बसू नकोस. माझ्याकडे माळ्यावर एक बॅट आहे, छोटी, ११ सह्यांची, १९९७ साली मुंबईत चोर बाजारात घेतलेली, त्या वेळी माझ्या पगाराला चांगलाच खड्डा पडला होता. घरी आणून भिंग लावलं तर सगळ्यांच्या सह्या एकाच शाईत, एकाच जाडीत, आणि कुठे पेन टेकवल्याचा दाब नाही, उचलल्याचा झटका नाही. छापील होत्या! दुकानदार खोटंही बोलला नव्हता, "मॅडम, सबका साइन है" इतकंच म्हणाला होता, सबने किया है असं कुठे म्हणाला. तेव्हापासून मी पर्समध्ये घड्याळजी वापरतात तसलं १० पटीचं भिंग ठेवते. तूही घे, फार महाग नसतं. जुनी ऑफसेटची छपाई भिंगाखाली बघितली की रंगांचे ठिपके शिस्तीत, जाळीसारखे बसलेले दिसतात, आणि घरच्या इंकजेटवर काढलेलं असेल तर रंग फवारल्यासारखा विस्कटलेला दिसतो. एवढं एक कळलं तरी अर्धे सापळे टळतात. ते निळ्या (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्चचं खूळ मात्र डोक्यातून काढ, त्याने साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या कागदाचं कळतं, कारण तेव्हाच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं नसायची, पण तुझं सगळं वेड आहे नव्वदच्या दशकाचं, तिथे खरा कागदही चमकतो आणि खोटाही.

भिंगापेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे तारखा पाठ असणं, मॅचच्या पण आणि इतर फालतू वाटणाऱ्या पण. किंमत आण्यात असेल तर एप्रिल १९५७ च्या आधीचं, "नये पैसे" लिहिलं असेल तर त्यानंतरचं आणि १९६४ पर्यंतचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे? मग १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं असूच शकत नाही, माणूस कितीही शपथा घेवो. इंग्रजीत ठळक "मुंबई" छापून खाली १९८३ लिहिलंय? १९९५ पर्यंत इंग्रजीत बॉम्बेच होतं, तेव्हा जरा थांब (मराठी छपाईत मात्र आधीपासूनच मुंबई, तिथे हा नियम चालत नाही, नाहीतर चांगली वस्तू सोडून येशील). रुपयाचं नवं चिन्ह तर २०१० चं, तरी परवा एका "साठच्या दशकातल्या" शीतपेयाच्या पत्र्याच्या पाटीवर ते बघितलं आणि मला इतकं हसू आलं की तो पथारीवालाही हसायला लागला.

ट्रम्प कार्डांचं तू विचारलंस त्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुझ्या वयाची पोरं यातच पैसे घालवतायत. ते कुस्तीवाल्या डब्लूडब्लूएफचे पत्ते, रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, आणि शाळेत मधल्या सुट्टीत "बायसेप्स २४!" करून समोरच्याचा पत्ता उचलायचा, ते पत्ते किती जणांनी छापले याला गणतीच नाही. एकाने काढले की दुसऱ्याने तेच फोटो घेऊन हलक्या पुठ्ठ्यावर काढले. त्यामुळे "ओरिजिनल सेट" या शब्दाला तिथे फारसा अर्थ नाही, पत्ते पूर्ण आहेत का, सगळ्यांच्या पाठी एकसारख्या आहेत का, आणि डबी आहे का एवढं बघ. नावात डब्लूडब्लूई असेल तर मे २००२ नंतरचे.

क्रिकेटच्या ट्रम्प कार्डांत मात्र खरी मजा आहे, त्यांच्यावर आकडे असतात आणि आकडा थापा मारत नाही. कपिलच्या पत्त्यावर टेस्ट विकेट ४३४ असतील तर तो सेट त्याच्या शेवटच्या टेस्टनंतरचा, म्हणजे १९९४ च्या आधीचा नाहीच. सचिनची वनडेतली पहिली सेंचुरी ९ सप्टेंबर १९९४ ला, कोलंबोत ऑस्ट्रेलियाशी, तेव्हा त्याच्या वनडेच्या पत्त्यावर शंभरीच्या खान्यात शून्य दिसलं की लोक नाचायला लागतात, त्याच्या आधीचा सेट म्हणून. थांब. आकडा फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो, "याच्या नंतरचा नाही" हे सांगत नाही. आळशी छापखानेवाल्याने जुनेच आकडे ९६ च्या वर्ल्डकपला पण छापले असतील, कोण बघतंय. म्हणून एका पत्त्यावर जाऊ नकोस, सगळा गठ्ठा पसर, त्यात सगळ्यात उशिराचा आकडा कुणाचा ते शोध, सेटचं वय त्याच्यावरून धर. कांबळीचा पत्ता यात काही उपयोगाचा नाही, बिचाऱ्याच्या १७ टेस्ट आणि १०८४ रन १९९५ नंतर हललेच नाहीत.

बिग फनच्या च्युइंगमबरोबर यायचे ते क्रिकेटरांचे कागद, त्यांचं माझं वेगळंच नातं आहे. त्यावर फोटोबरोबर रन किंवा विकेट छापलेल्या असायच्या आणि त्यांची बेरीज करून दुकानदाराकडून काहीतरी मिळवायचं. माझ्या दादाने मला गम खायला लावून कागद स्वतः ठेवले, दात माझे किडले. आता बाजारात मिळतात त्यात मला एक रनवाले, दोन रनवालेच जास्त दिसतात, माझा अंदाज असा की सहावाले तेव्हाच दुकानदाराकडे जमा झाले असणार. म्हणजे तेव्हा जे भारी होतं ते त्या वेळीच संपलं. जुन्या वस्तूंचं बरंचसं असंच असतं बघ, १९५२ चं मिकी मँटलचं बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये सव्वा कोटी डॉलरच्या वर गेलं ते काही फक्त खेळाडू मोठा म्हणून नाही, त्या वर्षीची न खपलेली खोकी कंपनीनेच समुद्रात नेऊन बुडवली होती असं त्या कंपनीतल्याच माणसाने सांगून ठेवलंय. आणि तुझ्या मामाने अमेरिकेहून आणलेली १९९० च्या आसपासची बेसबॉल कार्डं, ती तेव्हा इतकी बेसुमार छापली गेली की तिकडेच कुणी विचारत नाही. मामाला सांगू नकोस.

आता बाजारात वागायचं कसं. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी, रविवारी गर्दी आणि बुधवारी गप्पा, तेव्हा शिकायचं असेल तर बुधवारी जा. चोर बाजारात मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात पण त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर माल पसरतात, टॉर्चच्या उजेडात बघावं लागतं, आणि उजाडेपर्यंत चांगलं निम्मं गेलेलं असतं. सुट्टे पैसे ने. भवानी व्हायची असेल तर फार ताणू नकोस, पहिल्या गिऱ्हाईकाने घासाघीस करून न घेता निघून जाणं हे त्यांना मनापासून लागतं, पण तीच वेळ चांगल्या भावाची पण असते, दोन्ही एकदमच. मोबाईल काढून "ऑनलाईन तर इतक्याला आहे" असं तोंडावर दाखवू नकोस, त्यांच्याकडेही मोबाईल आहे आणि ते तुला दहापट किंमत लावलेली जाहिरात दाखवतील, जी तीन वर्षं तशीच पडून आहे. मागितलेली किंमत ही किंमत नसते, गेलेली असते ती.

आणि सगळ्यात आधी विचारायचं ते "कितीला?" नाही. विचारायचं, "मामा, हे कुठल्या घरातून आलं?" खरं सांगतीलच असं नाही. पण बऱ्याचदा सांगतात, की वाडा पाडतायत, आजोबा गेले, मुलगा बाहेर असतो, त्याने रद्दीवाल्याला सगळं उचल म्हणून सांगितलं. आणि मग विचारायचं, त्याच घरातलं अजून काय आहे.

हे मला उशिरा कळलं आणि ते कसं कळलं हे मी फार लोकांना सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मला एक जाडजूड चिकटवही मिळाली, रेक्झिनचं कव्हर, ८० रुपयांना. आत १९७१ ची सगळी कात्रणं, गावसकरचे वेस्ट इंडिजमधले ७७४, मग इंग्लंडचा दौरा. मला त्यातले दोन रंगीत फोटो हवे होते फक्त. पानं वाफेवर धरून ते सोडवले, उरलेली वही दोन-तीन महिने कपाटावर पडून होती आणि मग रद्दीत गेली. मीच दिली. ते फोटो कुठल्याशा मासिकातले होते, नंतर मला तसेच अजून चार वेळा दिसले.

पण त्या वहीत प्रत्येक कात्रणाखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. मला आठवतंय ते एकच. २४ ऑगस्ट १९७१, ओव्हलला आपण जिंकलो त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, लोकांनी तिकडे मैदानात प्राणिसंग्रहालयातली हत्तीण पण आणली होती, आणि त्या कात्रणाखाली लिहिलं होतं, "चंद्राच्या ६. आरती राहिली. आई रागावली." बस. रेडिओपाशी बसलेला कुणीतरी. कात्रण आजही कुठल्याही वाचनालयात सापडेल रे, चंद्रशेखरचे ३८ रनमध्ये ६ हे कुठल्याही पुस्तकात आहे. ती आरती राहिल्याचं फक्त त्या एका पानावर होतं, आणि ते मी किलोच्या भावाने दिलं.

म्हणून तुला परत परत सांगते, लॉट फोडू नकोस. "एकच षटकार"चे अंक गठ्ठ्याने मिळाले आणि त्यात मधेच कुणाचा क्लबचा स्कोअरबोर्ड, बसचं तिकीट, पोस्टकार्ड निघालं तर ते तसंच तिथेच राहू दे. एका चिठ्ठीवर तारीख, जागा, किंमत, आणि माणसाने काय सांगितलं ते लिहून त्या गठ्ठ्यात ठेव. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सर्टिफिकेटं असलं काही निघालं तर ते संग्रहात ठेवायचं नाही, पत्ता असेल तर पोचवायचं, माझ्या हातून दोन वेळा झालंय असं, एका ठिकाणी चहा मिळाला आणि एका ठिकाणी दार लावून घेतलं.

ठेवायचं कसं यावर तू ढीगभर व्हिडिओ बघितले असशील, मी थोडक्यात सांगते. लॅमिनेशन केलंस तर माझ्याकडे येऊ नकोस. सेलोटेप नाही, रबरबँड नाही, चिकट पानांचे अल्बम नाहीत. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी आणि कसर ही दोनच खरी गिऱ्हाईकं, तेव्हा जूनच्या आधी सगळं एकदा काढून वाऱ्यावर पसर, उन्हात नाही, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात काही ठेवू नकोस. बाजारातून आणलेलं सरळ संग्रहात घालायचं नाही, आठवडाभर वेगळ्या पिशवीत ठेवायचं, एक वाळवी लागलेली वही सगळ्यांचं वाटोळं करते.

आता तुझ्या फोटोबद्दल, म्हणजे मी तो लॅपटॉपवर का मोठा केला ते. तिकिटासाठी नाहीच, ते मोबाईलवरच कळलं होतं. तू फ्रेम पथारीवर ठेवूनच फोटो काढलायस ना, तर उजव्या कोपऱ्यात, पितळी नळाच्या मागे, सुतळीने बांधलेल्या तीन-चार वह्या आहेत, वरच्या वहीच्या कडेने चिकटवलेल्या कागदांची टोकं बाहेर आलीयत आणि एका टोकावर बॅट्समनच्या पॅडचा पांढरा कोपरा दिसतोय असं मला वाटतंय, डोळ्यांचा भरवसा नाही. परवा बुधवार आहे. लवकर जा, तिकिटावरून भांडू नकोस, आधी चहा पाज, आणि ती सुतळी तिथे सोडू नकोस, बांधलेलं तसंच आण.

मावशी