आवडतं पात्र बिघडलं म्हणून चिडण्याआधी

मालिकेतलं लाडकं पात्र अचानक वाईट वागलं आणि पहिल्यांदाच असा मनस्ताप झालाय ना? होतं. पण आधी एक बघ: पात्र वाईट वागलं म्हणून राग आलाय, की ते तसं का वागलं हे दाखवलंच नाही म्हणून? 'ब्रेकिंग बॅड' मालिकेतला साधा शिक्षक वॉल्टर व्हाइट ६२ भागांत पायरीपायरीने गुन्हेगारीत घसरतो, म्हणून पटतो. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या २०१९च्या शेवटच्या पर्वाचे सहाच भाग. त्यातल्या डॅनेरिस राणीच्या क्रौर्याच्या खुणा आधीपासून होत्या, मान्य. पण शहर जाळण्यापर्यंतची उडी घाईत उरकली. उलटा प्रकार मला जास्त खुपतो: खलपात्र लोकप्रिय झालं की एका रडक्या प्रसंगात सगळे गुन्हे माफ! तिथे बिनधास्त चीड. फक्त कलाकारावर नको, संवाद त्याने लिहिलेले नसतात.