टीमक्सची मांडणी रोज हाताने कशाला करायची?

प्रश्न : मी टीमक्स, म्हणजे एकाच टर्मिनलमध्ये अनेक विंडो चालवणारा प्रोग्राम, वापरतो, एका विंडोत एडिटर, दुसऱ्यात सर्व्हर, तिसऱ्यात लॉग. पण मशीन रीस्टार्ट झालं की सगळं गायब आणि परत पहिल्यापासून उघडत बसा. सेशन मॅनेजर, म्हणजे ही मांडणी फाइलमधून परत उभी करणारा प्रोग्राम, घ्या असं सगळे सांगतात पण त्याची यॅमल फाइल (सेटिंग लिहायची टेक्स्ट फाइल) बघूनच घाम फुटतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर : गायब होणारच हो. डिटॅच केलंत, म्हणजे टीमक्स बंद न करता नुसतं बाहेर पडलात, तर सेशन (विंडोंची ही सगळी मांडणी) मागे चालू राहतं, पण ते सगळं असतं टीमक्सच्या सर्व्हर प्रोसेसमध्ये, रीबूटला ती प्रोसेसच मरते मग उरणार काय. म्हणून मांडणी फाइलमध्ये हवी.

माझं ऐका, कोरी फाइल उघडून बसूच नका. टीमक्सपी हा पायथॉनवाला सेशन मॅनेजर पिपने (पायथॉनच्या इन्स्टॉलरने) टाका, मग नेहमीसारख्या विंडो आणि पेन (विंडोचे भाग) हाताने लावा आणि त्यातच टीमक्सपी फ्रीझ ही कमांड द्या, समोर जे आहे त्याची फाइल तो स्वतःच लिहून देतो. ती वाचली की यॅमल आपोआप कळतं, वर सेशनचं नाव, खाली विंडो, विंडोच्या पोटात पेन, बस एवढंच. नंतर मांडणी परत हवी की टीमक्सपी लोड आणि पुढे फाइलचं नाव.

आता फ्रीझची गंमत अशी की तो चालू प्रोग्रामचं फक्त नाव उचलतो, पुढचे ऑप्शन नाही. म्हणजे लॉग बघायला टेल (फाइलचा शेवट दाखवणारी कमांड) लावलेलं असेल तर फाइलमध्ये नुसतं टेल येतं, कुठली फाइल बघायची ते तुम्ही लिहायचं. लेआउटच्या जागी आकड्यांची लांबलचक माळ दिसेल, ती काढून मेन-व्हर्टिकल (डावीकडे एक मोठा पेन, बाकीचे उजवीकडे) लिहा, वाचायला तरी येईल. आणि प्रत्येक पेनमध्ये व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथॉन) चालू करायचं असेल तर ती ओळ दहादा लिहू नका, शेल-कमांड-बिफोर (shell_command_before) मध्ये एकदाच टाका.

मी स्वतः अख्खी संध्याकाळ घालवली ती एका टॅबपायी. यॅमलमध्ये इंडेंटला (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला) टॅब चालत नाही, स्पेसच हवी, एडिटरमध्ये ते सेटिंग आधी करा. सेशनच्या नावात टिंब किंवा कोलनही नको.

डेटाबेस रीसेट वगैरे धोक्याची कमांड असेल तर तिच्याखाली एंटर फॉल्स (enter: false) लिहा, कमांड टाइप होऊन थांबते, एंटर तुम्ही मारायचं.

प्रश्न : माझ्याकडे टीमक्सिनेटर या दुसऱ्या सेशन मॅनेजरच्या जुन्या फाइली आहेत, त्या फेकू का?

उत्तर : अजिबात नको. टीमक्सिनेटर रूबीवर चालतो, तुमच्याकडे रूबी आहेच तर तोच वापरा, काम तेच. बदलायचंच असेल तर टीमक्सपीमध्ये इम्पोर्टची सोय आहे, फक्त नवी फाइल एकदा नजरेखालून घाला.